रविवार कुणाचा? मेगाब्लॉकचा इतिहास, बारडोलीहून पाहताना

मंडळाच्या बैठकीत मी या विषयावर बोलणार म्हटल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "बारडोलीत बसून मुंबईच्या मेगाब्लॉकचं काय पडलंय तुम्हाला?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या बारडोलीला लोकल नाही, जलद मार्ग नाही, धीमा मार्गही नाही. उधन्याहून सुटलेली गाडी चलथाण, गंगाधरा करत इथे येते आणि मढी, व्यारा, सोनगड, नवापूर करत खानदेशात उतरते. पण बारडोली-सुरतेतल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांचं एक पाऊल नंदुरबार-जळगावात असतं आणि दुसरं ठाणे-डोंबिवलीत. मुंबईची कामं, म्हणजे लग्न, साखरपुडा, दवाखाना, बारसं, आपण रविवारी काढतो. आणि रविवारीच तिथे मेगाब्लॉक असतो. म्हणजे मुंबईकराला तो महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी नडत असेल, पाहुण्याला मात्र दर खेपेला गाठतो.

मला तो एकदा असा गाठला की त्याचा इतिहास खोदल्याशिवाय चैन पडेना. तो प्रसंग आधी सांगतो, कारण त्यातूनच पुढचं सगळं निघालं.

कांजूरमार्गला गाडी थांबली नाही

२००८ सालचा एक रविवार. कांजूरमार्गला राहणारी माझी आत्या पहाटे गेली. आतेभावाचा फोन आला, "बारापर्यंत थांबतो, निघ." पहाटेच्या गाडीने मी सुरतेहून निघालो, दादरला उतरलो, पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या बाजूला आलो. घड्याळात सव्वाअकरा. म्हटलं, जमलं. समोर धीमी लोकल लागली होती असं मी समजलो आणि चढलो. फलाटावर तिन्ही भाषांत काहीतरी पुकारत होते, पण मी फोनवर होतो. शिव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी ठीक गेलं. विक्रोळी सुटली, मी दारात जाऊन उभा राहिलो. कांजूरमार्गचा फलाट आला, पण डाव्या हाताला, मधे दोन रूळ सोडून पलीकडे. आणि तसाच निघून गेला. भांडुपला उतरून रिक्षा शोधेपर्यंत, मग लालबहादूर शास्त्री मार्गाच्या गर्दीतून मागे येईपर्यंत साडेबारा वाजून गेले. त्यांनी बारा-वीसपर्यंत वाट पाहिली होती. आत्याचं तोंड मला पाहायला मिळालं नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आत्या त्यांची थोरली बहीण, आईच्या मागे तिनेच त्यांना वाढवलेलं. त्यांना प्रवास झेपत नव्हता म्हणून त्यांच्या वाटचं दर्शनही मीच घेणार होतो. मी मेगाब्लॉकला शिव्या घालत राहिलो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोटीस लागली होती का?" मी म्हटलं, लागली असेल. "वाचली नाहीस ना मग." आणि थोडं थांबून, "ब्लॉक मिळाला म्हणजे रुळावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. शिव्या नको देऊस."

बाबा रेल्वेत कीमन होते. चूक माझीच होती. पण "ब्लॉक मिळाला" हे शब्द मात्र डोक्यात राहिले. आपण ब्लॉक 'लागला' म्हणतो, जसं ग्रहण लागतं. रुळावरची माणसं ब्लॉक 'मिळाला' म्हणतात, जशी रजा मिळते. एकाच गोष्टीची ही दोन क्रियापदं. हा सगळा निबंध त्या दोन क्रियापदांमधला आहे.

ब्लॉक म्हणजे नेमकं काय

मी यंत्रअभियंता. तीस वर्षं एका साखर कारखान्यात काढली. म्हणून कारखान्याच्याच भाषेत सांगतो. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं. नंतरचे महिने ऑफ सीझन. तेव्हा आम्ही मिलचे रोलर काढायचो, बेअरिंग बदलायचो, बॉयलरच्या नळ्या तपासायचो. सबंध पावसाळा हातात असायचा, तरी शेवटी घाई व्हायचीच. आता अशा कारखान्याची कल्पना करा, ज्याला ऑफ सीझनच नाही. ऊस रोज येतो, वर्षाचे ३६५ दिवस. मग रोलर कधी काढणार?

मुंबईची लोकल हा तसला कारखाना आहे. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून दिवसाला तीन हजारांहून अधिक फेऱ्या. शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर जागेवर पोहोचते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली निघते. मधे उरतात जेमतेम तीन तास. त्यातही रात्री मालगाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या, रिकामे रेक असतातच. तीन तासांत ओव्हरहेड वायरचा प्रवाह बंद करा, दोन्ही बाजूंना अर्थिंग करा, टॉवर वॅगन आणा, काम करा, सामान उचला, पुन्हा प्रवाह चालू करा. प्रत्यक्ष हातात राहतो तास-दीड तास. रूळ बदलायचे, सांधे जोडायचे, टॅम्पिंग मशीनने खडी दाबून रूळ एका पातळीत आणायचा, तर एवढ्यात भागत नाही. दिवसाउजेडी सलग चार-पाच तास हवेतच. आणि ते द्यायचे तर ज्या दिवशी कचेऱ्या बंद त्या दिवशी.

रेल्वेच्या भाषेत यात दोन गोष्टी आहेत. ट्रॅफिक ब्लॉक म्हणजे त्या रुळावर ठरलेल्या वेळेत गाडी येणार नाही याची हमी. पॉवर ब्लॉक म्हणजे वरच्या तारेत प्रवाह नसेल याची हमी. खाली रुळाचं काम आणि वर तारेचं, दोन्ही एकदम उरकायचं, सिग्नलवाल्यांनीही तेवढ्यात आपलं करून घ्यायचं, म्हणजे तीन खात्यांनी एकच वेळ वाटून घ्यायची. त्या मोठ्या, एकत्रित ब्लॉकला लोक मेगाब्लॉक म्हणू लागले. पश्चिम रेल्वेवाले त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. मराठीत तो शब्द आता इतका रुळलाय की पाहुणे आल्यावर घरातल्या न्हाणीघरालाही मेगाब्लॉक लागतो.

चार रूळ आणि सुटलेली स्थानकं

माझ्यासारख्या पाहुण्याला गोंधळात टाकणारी गोष्ट ही की मेगाब्लॉकमध्ये गाड्या बंद नसतात. त्या रूळ बदलतात. मुंबईच्या मुख्य मार्गांवर दोन रूळ धीम्या गाड्यांचे आणि दोन जलद गाड्यांचे. धीम्या रुळावर काम असलं की धीमी गाडी जलद रुळावर जाते. गाडी तीच, पाटी तीच, पण जलद रुळाला जिथे फलाटच नाही तिथे ती थांबणार कशी?

मध्य रेल्वेची नेहमीची नोटीस घ्या. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक, साधारण अकरा ते चार. धीम्या गाड्या जलद मार्गाने जातील आणि शिव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथे थांबतील. आता या यादीत काय *नाही* ते पाहा : विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर. नोटीस वाचायची खुबी हीच. जे लिहिलंय त्यापेक्षा जे लिहिलेलं नाही ते आधी वाचायचं. ब्लॉक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते विद्याविहार असेल तर मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड ही स्थानकं सुटतात. ठाणे ते कल्याणला असेल तर कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्ली. पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रल ते सांताक्रूझ असेल तर महालक्ष्मी, प्रभादेवी, माटुंगा रोड.

इतिहासाच्या माणसाला या याद्यांमध्ये फार मोठी गंमत आहे. सुटलेल्या स्थानकांची यादी म्हणजे मुंबई कशी वाढत गेली त्याचा नकाशाच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे आणि तीन इंजिनं घेऊन पहिली गाडी गेली तेव्हा या ३४ किलोमीटरांवर मोजकीच ठिकाणं होती. पुढे वस्ती दाटत गेली तसतशी मधे मधे स्थानकं घातली. नाहूर तर अगदी अलीकडचं, २००३ सालचं. अशा स्थानकांना जलद मार्गावर फलाट द्यायला जागा नव्हती आणि जलद गाडी तिथे थांबवायचीही नव्हती.

कळवा-मुंब्र्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथे अडथळा डोंगराचा. ठाण्यापुढे पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ साली खुला झाला. जलद मार्ग बोगद्यातून सरळ गेला आणि धीमा मार्ग डोंगराला वळसा घालत कळवा-मुंब्र्यावरून राहिला. मग धीमी गाडी जलद मार्गावर घातली की ती बोगद्यात शिरणार आणि मुंब्र्याचा माणूस डोंगराच्या पलीकडे उभा. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बोगद्यामुळे रविवारी मुंब्र्याचा प्रवासी अडकत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका जोडली तेव्हा हे चित्र बदललं. त्या जोडणीसाठीच ७२ तासांचा ब्लॉक घेतला होता. म्हणजे ब्लॉकचा त्रास कमी व्हायला आणखी मोठा ब्लॉक.

हार्बर मार्गाला ही रूळ बदलण्याची सोयच नाही. तिथे येणारा एक आणि जाणारा एक. म्हणून ब्लॉक असला की त्या टप्प्यातली सेवा बंदच होते. पनवेल-कुर्ला अशा विशेष गाड्या सोडतात आणि हार्बरच्या तिकिटावर सकाळी १० ते संध्याकाळी ६ मुख्य मार्गाने व पश्चिम रेल्वेने जायची मुभा देतात. बाहेरगावच्या कितीतरी लोकांना ही मुभा माहीतच नसते, ते पुन्हा तिकीट काढतात. एवढी एक ओळ जरी लक्षात राहिली तरी निबंधाचं सार्थक झालं म्हणायचं.

१५०० व्होल्टचा वारसा

आता थोडं विजेकडे वळू. ३ फेब्रुवारी १९२५ ला तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. पश्चिमेकडे, म्हणजे तेव्हाच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेवर, कुलाबा ते बोरिवली वीज आली ५ जानेवारी १९२८ ला. तारीख ध्यानात ठेवा. त्यानंतर अडतीस दिवसांनी, १२ फेब्रुवारी १९२८ ला, आपल्या बारडोलीचा सत्याग्रह सुरू झाला. एकाच रेल्वे कंपनीच्या दक्षिण टोकाला विजेची लोकल आणि इकडे तिच्याच गाड्यांतून बारडोलीला येणारे वार्ताहर आणि पुढारी. त्या वर्षीचा इतिहास आपण फक्त आश्रमाच्या अंगणातून पाहतो, स्थानकाच्या फलाटावरूनही पाहायला हवा.

त्या वेळी मुंबईत जी वीज आली ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची. तेव्हा ते योग्यच होतं. पण गाड्या वाढल्या, डबे नऊचे बारा झाले आणि ती पद्धत अपुरी पडू लागली. साधं गणित आहे : दाब कमी तर तेवढ्याच शक्तीला प्रवाह जास्त लागतो, तार जाड लागते, उपकेंद्रं जवळजवळ लागतात. दाब १५०० वरून २५,००० व्होल्टवर नेला की तेवढ्याच शक्तीला सुमारे एक सतरांश प्रवाह पुरतो. म्हणून सगळं बदलायचं ठरलं. पण चालू कारखान्याचा बॉयलर बदलण्यातलाच हा प्रकार होता. पश्चिम रेल्वेचं काम चर्चगेटपर्यंत पुरं झालं फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये, आणि हार्बरवरची शेवटची १५०० व्होल्टची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. त्याआधी कित्येक वर्षं दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणून ठेवाव्या लागल्या. या सगळ्या बदलाची किंमत मुंबईने रात्रींनी आणि रविवारांनी चुकती केली आहे.

त्यातून पुन्हा नवी कामं निघाली. दाब वाढला की तार आणि वरचा पूल यांत अंतर जास्त लागतं. इंग्रजी अमदानीतले बुटके पूल अडचणीचे ठरले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल, १८७९ सालचा, जानेवारी २०१६ मध्ये १८ तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला. कर्नाक पूल, १८६८ सालचा, दीडशे वर्षं उभा राहून थकला होता. १९-२० नोव्हेंबर २०२२ ला २७ तासांच्या ब्लॉकमध्ये तोही काढला. वारसाप्रेमी म्हणून मला या दोन्ही पुलांची हळहळ आहेच. पण अभियंता म्हणून सांगतो, शनिवारी रात्री गर्डरला कटर लावायचा आणि सोमवारच्या गर्दीपूर्वी खालून गाडी सोडायची, हे काम बघण्यासारखं असतं. उशीर झाला तर माफी नाही.

अलीकडचे दोन दाखले देऊन हा भाग संपवतो. ३० मे २०२४ च्या मध्यरात्रीपासून ठाण्याला ६३ तासांचा ब्लॉक झाला, पाच आणि सहा क्रमांकाचे फलाट रुंद करायला. त्याच वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला फलाट लांब करायला ३६ तासांचा. तीन दिवसांत ९३० लोकल रद्द झाल्या. ठाण्याच्या त्या फलाटावर संध्याकाळी उभं राहिलेल्या माणसाला विचारा, दोन-तीन मीटर रुंदी म्हणजे काय चीज असते. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, हे विसरून चालणार नाही. दुसरा दाखला जानेवारी २०२५ मधला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मिठी नदीवर १८८८ सालचा पूल होता, त्याच्या ओतीव लोखंडी स्क्रू पाइलच्या जागी नवं काम करायला सलग दोन रात्री ब्लॉक घेतले. त्या पुलावरून सुरतेच्या किती पिढ्या मुंबईत शिरल्या असतील!

रविवार आला कुठून

आता मुख्य मुद्दा. रविवारच का? तर रविवारी गर्दी कमी म्हणून. रविवारी गर्दी कमी का? कारण लोकांना सुट्टी असते. पण ही सुट्टी काही आकाशातून पडलेली नाही. साहेबाच्या कचेरीला ती होती. गिरणी कामगाराला नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. खंडोबाचा वार कामगाराच्या हातात आला.

लोखंडे मूळचे ठाण्याकडचे, आणि गिरणीत येण्यापूर्वी काही काळ रेल्वेतही नोकरीला होते. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. माझं अनुमान असं : लोखंड्यांनी मुंबईला रविवार दिला नसता तर मुंबईच्या रेल्वेला आज ज्याला आपण मेगाब्लॉक म्हणतो ती मोकळी वेळच सापडली नसती. सगळ्या शहराने एकदम विसावा घेतला म्हणून रुळालाही विसावा देता आला. पण त्याच कारणाने, सगळं शहर सुट्टीवर असताना रुळावर उतरणाऱ्या माणसाचा रविवार मात्र गेला. त्याला आठवड्यातली दुसरी सुट्टी मिळते, हे खरं. पण मंगळवारी घरी असलेल्या बापाची मुलं शाळेत गेलेली असतात.

तापी खोऱ्यातला एकेरी मार्ग

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घरात रविवार असा नव्हताच.

आपला मार्ग मूळचा तापी व्हॅली रेल्वेचा. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तो बांधला गेला आणि १९०० सालापर्यंत सुरत-अमळनेर गाडी सुरू झाली. खानदेशचा कापूस सुरतेला आणि खानदेशची माणसं पोटामागे सुरतेला, दोन्ही याच रुळांवरून आली. आमचं घराणंही त्यातलंच. मार्ग रुंद पण एकेरी. एकेरी मार्गाला ब्लॉक देणं म्हणजे अख्खी वाहतूक थांबवणं. म्हणून बाबांच्या उमेदीच्या काळात लहानसहान कामं दोन गाड्यांच्या मधल्या वेळातच उरकायची पद्धत. दोन्ही अंगांना लाल झेंडी, टोळीतला एक जण शिट्टी घेऊन लांब बघत उभा, बाकीचे वाकून काम करणारे. शिट्टी वाजली की हत्यारं उचला आणि बाजूला व्हा.

कीमनचं काम त्याहून एकट्याचं. रोज पहाटे खांद्यावर पाना आणि हातोडा, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत, धोक्याच्या वेळी गाडी थांबवायला रुळावर लावायचे. आपला ठरलेला सहा-सात किलोमीटरचा टप्पा चालत जायचा, दुसऱ्या रुळाकडे बघत परत यायचं. सैल झालेली चावी ठोकायची, सांध्याचा बोल्ट आवळायचा. थंडीत रूळ आक्रसतो आणि तडा जातो, उन्हाळ्यात फुगून वाकायला बघतो. बाबा आवाजावरून सांगत की चावी बसली की नाही. मी अभियंता झाल्यावर त्यांना ताण आणि तापमानाचं सूत्र समजावायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या सूत्राला पहाटे चारला ऐकू येतं का?"

त्यांच्या बरोबरीचा एक जण एके दिवशी परत आला नाही. धुकं होतं. कुठे, कधी, ते मी इथे लिहीत नाही. त्याची माणसं आजही आहेत. बाबा त्यानंतर आठ दिवस जेवताना बोलले नव्हते, एवढं मला आठवतं. मी तेव्हा चौथीत होतो. "ब्लॉक मिळाला म्हणजे रुळावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी येतो" हे वाक्य फोनवर ऐकलं तेव्हा ते कुठून आलं हे मला लगेच कळलं, आणि म्हणूनच मी गप्प झालो.

आता उधना-जळगाव हा ३०६ किलोमीटरचा मार्ग दुहेरी झालाय, विजेचाही झालाय. यंत्रं आली, ब्लॉक घेऊन काम करायची शिस्त आली. आपल्याकडेही एखाद्या दिवशी पॅसेंजर रद्द झाल्याची किंवा उशिरा धावत असल्याची बातमी येते आणि स्टेशनवर आपली माणसं वैतागतात. मी वैतागत नाही असं नाही. पण आधी विचारतो, कुठल्या टप्प्यात काम आहे?

बाहेर काय करतात

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. दिल्लीची मेट्रो रात्री बंद असते, टोकियोचीही. त्यामुळे दुरुस्तीला ठरलेली रात्र मिळते. लंडनमध्ये भुयारी रेल्वे १८६३ पासून आहे, पण रात्रभर गाड्या २०१६ साली सुरू झाल्या, त्याही काही मार्गांवर आणि शुक्रवार-शनिवारीच. खरी मुंबईची बहीण शोभते ती न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. १९०४ पासून चालू, चोवीस तास चालणारी, आणि तिथेही पुष्कळ ठिकाणी चार रूळ : दोन जलद, दोन धीमे. तिथेही शनिवार-रविवारी हीच कथा. जलद गाडी धीम्या रुळावर, धीमी जलदवर, मधली स्थानकं सुटलेली आणि खांबाला चिकटवलेल्या नोटिशीसमोर गोंधळलेला पाहुणा. माझा पुतण्या तिकडे शिकायला गेला तेव्हा पहिल्याच रविवारी त्याचं स्थानक सुटलं. त्याने फोन केला, "काका, इथे पण कांजूरमार्ग झालं!" आमच्या घरात आता तो वाक्प्रचार आहे.

सुरतेत मेट्रोचं काम चालू आहे, त्यात भुयारी भागही आहे. ती सुरू होईल तेव्हा तिला रात्रीची झोप मिळेल अशी वेळापत्रकं आखली जावीत, ही माझी एका अभियंत्याची विनंती. शहराला चोवीस तासांची हौस लवकर लागते.

मंडळाला एक विनंती

शेवटी आपल्या कामाचं. मेगाब्लॉकची नोटीस हा कागद फार अल्पायुषी असतो. शुक्रवारी छापतात, रविवारी लोक वाचतात, सोमवारी रद्दी. पण वीस-पंचवीस वर्षांच्या नोटिसा एकाखाली एक लावल्या तर शहराचा कुठला रूळ कधी बदलला, कुठला पूल कधी उतरवला, कुठलं स्थानक कधी सुटायचं बंद झालं, सगळं कळतं. मी २००८ पासून कात्रणं ठेवतोय. सुरुवात रागाने केली होती, ती दुसऱ्यांदा फसायला नको म्हणून. आता तीन फायली झाल्यात. त्याआधीची कात्रणं, विशेषतः १९९० नंतरची, कुणाच्या जुन्या वर्तमानपत्रांत असतील तर मला दाखवावीत. मूळ कागद नको, फोटो पुरे.

आणि त्याहून महत्त्वाचं : उधना ते नंदुरबार पट्ट्यात गँगमन, मुकादम, कीमन म्हणून काम केलेले वृद्ध अजून आहेत. गँगमनला आता ट्रॅकमन म्हणतात, पण त्यांच्या वेळी गँगमनच होतं. एकेरी मार्गावर काम कसं व्हायचं हे सांगणारी ही शेवटची पिढी. त्यांच्याकडे जा, बोला, टिपून ठेवा. मी बाबांचं बोलणं टिपून ठेवलं नाही. त्यांचा पाना आहे माझ्याकडे, दांड्याला हाताची जागा झिजून गुळगुळीत झालेली. टप्प्याचे किलोमीटर कुठून कुठपर्यंत होते, हेही आता कुणाला विचारायचं हा प्रश्न आहे.

आणि कांजूरमार्गला जाणार असाल तर आधी नोटीस वाचा.